मोहाच्या झाडाखालचे तीन दगड

तसं पाहिलं तर मी या ग्रुपवर नुसती वाचायला येते. दुपारचं जेवण झालं की तुमचे अनुभव वाचायचे, मनातल्या मनात थोडं हसायचं आणि परत कामाला बसायचं... इतकंच. विश्वास वगैरे कधीच नव्हता. आमच्या घरात तो विषयच बसत नाही. आजोबांनी दीक्षा घेतलेली. बाबांनी रेल्वेची नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ विहाराला दिला. उतारा, नजर, अंगात येणं... यातला एक शब्द जरी निघाला तरी बाबा पेपर बाजूला ठेवून समजवायला बसतात. मी शाळेत असताना एका मैत्रिणीनं माझ्या हाताला काळा दोरा बांधून दिला होता. बाबा रागावले नाहीत. कात्री आणून दोरा कापला, आणि दोरा काय करू शकतो, काय करू शकत नाही, हे मला कितीतरी वेळ सांगत राहिले. त्यांच्या हाताखाली वाढलेली मी. मला पटवणं सोपं नाही.

तरी हे लिहितेय. कारण घरात कोणालाच सांगता येत नाही. का, ते पुढं कळेल.

आमचं मूळ भंडाऱ्याकडचं. बाबा नोकरीनिमित्त इकडं आले आणि इकडचेच झाले. माझा जन्म रायपूरच्या रेल्वे कॉलनीतला. आता रिटायरमेंटनंतर चौबे कॉलनीत वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो — आई, बाबा, मी. माझं मराठी असंच आहे, मधूनमधून हिंदी घुसणार, सांभाळून घ्या.

माझं काम थोडं समजावून सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी गेम आणि सिरीजसाठी कॉन्सेप्ट आर्ट करते. म्हणजे एखादी जागा प्रत्यक्षात बनवायच्या आधी ती कशी दिसेल याचं चित्र. पूर्वी इथल्याच तात्यापारा भागात एका दुकानात फ्लेक्स बनवायची, तिथून शिकत शिकत इथवर आले. पद्धत अशी की आधी कॉम्प्युटरवर थ्रीडीत जागा ढोबळ उभी करायची... भिंती, छप्पर, झाडाचं खोड, सगळं राखाडी, थर्माकोलच्या मॉडेलसारखं. मग कॅमेरा कुठं ठेवायचा, ऊन कुठून येऊ द्यायचं ते ठरवायचं. सावल्या कॉम्प्युटर बरोबर टाकतो. त्याचं एक चित्र काढून घ्यायचं आणि मग त्याच्यावर पेन टॅब्लेटनं हातानं रंगवत बसायचं — गंज, ओल, पाचोळा, माती. जागा मशीन उभी करतं, पण तिथं कोणी राहून गेलंय असं वाटायला लावणं हे हाताचं काम. (आजकाल सगळे विचारतात म्हणून सांगते, यात एआय नव्हतं. जे होतं ते मी ठेवलेलं होतं. पुढं याच गोष्टीचा त्रास झाला.)

मागच्या उन्हाळ्यात एका गेमचं काम आलं. जंगलातलं छोटं रेल्वे स्टेशन, बंद पडलेलं, शेजारी एक क्वार्टर. गेम खेळणारा माणूस गाडीतून तिथं उतरतो आणि हिंडतो. हैदराबादचा एक आर्ट डायरेक्टर होता, सौरभ, तो फोनवर हिंदीत सांगायचा काय हवं ते. रेल्वे क्वार्टर म्हटल्यावर मला काही शोधावं लागलं नाही. लहानपण त्यातच गेलं. कुठल्याही लाइनवर जा, दोन खोल्या, पुढं पडवी, मागं भिंत, तेच ते. तेव्हा क्वार्टर हुबेहूब आलं यात नवल काहीच नाही, हे मी स्वतःच आधी सांगते.

डावीकडं क्वार्टर ठेवलं. समोर हातपंप. उजवीकडं, जरा मागं, एक मोहाचं झाड — खोड बुंध्यापासूनच दोन फाट्यांत गेलेलं, कारण साधं सरळ खोड चित्रात मेलेलं दिसत होतं. एवढं झालं तरी उजवा कोपरा रिकामा वाटत होता. चित्र एका बाजूला कलल्यासारखं. तिथं काहीतरी पांढरं हवं होतं, नजर अडकेल असं. लाइनच्या कडेला आकडा घातलेले, चुना मारलेले दगड असतात ना, तसा एक दगड मी आधीच प्लॅटफॉर्मजवळ बनवून ठेवला होता. त्यावर काळ्या रंगात चारचा आकडा, उगाच, मनाला आला तो. त्याच दगडाच्या कॉप्या मारल्या. एकच दगड तीनदा दिसू नये म्हणून कॉप्या फिरवाव्या लागतात. एक आडवा केला, एक कलता केला, मधला पूर्ण उलटा करून अर्धा जमिनीत दाबला.

आधी हातपंपाजवळ ठेवून पाहिले. बरे नाही वाटले. भिंतीजवळ ठेवले, तिथंही नाही. मोहाखाली नेले आणि चित्र बसलं. बस, एवढंच झालं. अंगावर काटा नाही, गार वारा नाही, कोणी कानात बोललं नाही. मी चहा पीत होते.

मे महिना होता. रायपूरचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. कूलर फक्त माझ्या खोलीत, मशीन गरम होतं म्हणून. त्यामुळे दुपारी बाबा पेपर घेऊन माझ्या मागं पलंगावर येऊन बसायचे. माझ्या कामाची थट्टा करायचे, पोट्टी कॉम्प्युटरवर चिखल खेळून राहिली म्हणायचे. त्या दुपारी मी मोहाखालचा पाचोळा रंगवत होते. काही वेळानं लक्षात आलं की मागून पेपरचं पान उलटल्याचा आवाज येत नाहीये.

बाबांनी विचारलं, हे कुठलं आहे. मी म्हटलं, कुठलंच नाही, मनातलं आहे. कोणाचा फोटो पाहून काढलं का? नाही. मग ते उठून आले, चष्मा पुसून घातला आणि स्क्रीनला बोट लावलं. स्क्रीनला हात लावलेला मला आवडत नाही हे त्यांना माहीत आहे, ते कधी लावत नाहीत.

"या मधल्या दगडावर आकडा आहे का?"

पूर्ण चित्रात ते दगड नखाएवढे होते. आकडा दिसणं शक्यच नव्हतं. मी झूम केलं. मातीतून अर्धा वर आलेला, उलटा चार.

बाबा म्हणाले, "चार. उलटा."

मी हसून सांगायला लागले की बाबा, ही कॉपी आहे, फिरवली की आकडाही फिरतो, बाकीच्या दोघांवरचा पुसला, याचा पुसायचा राहून गेला... ते ऐकतच नव्हते.

"हे मशीननं ठेवलं का तू ठेवलं?"

"मी ठेवलं."

"कोणं सांगतलं तुले?"

"कोणीच नाही."

ते पलंगावर जाऊन बसले. हातातला पेपर घडी घालत राहिले, लहान लहान करत. मला वाटलं बीपी वाढलं. पाणी आणते म्हटलं तर नको म्हणाले, दार लोटून घे म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

लग्नानंतर त्यांचं पहिलं पोस्टिंग ओडिशाकडं जाणाऱ्या लाइनवर, जंगलातल्या एका छोट्या स्टेशनवर होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. पॉइंट्समन होते ते तेव्हा, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. तिथं त्यांना मुलगी झाली. माझी मोठी बहीण... मला बहीण होती हेच मला माहीत नव्हतं. बारसंही झालं नव्हतं तिचं. ताप भरला, आणि दवाखाना गाठायला सकाळची पॅसेंजर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आईला उठता येत नव्हतं. बाबा आणि रूळ दुरुस्त करणारा एक गँगमन, दोघांनी मिळून तिला क्वार्टरपासून थोडं दूर, दोन फाट्यांच्या मोहाखाली पुरलं. जनावरं उकरू नयेत म्हणून लाइनजवळ टाकून दिलेले तीन दगड आणून वर लावले. एका दगडावर चारचा आकडा होता. पोरीच्या अंगावर नंबर नको म्हणून बाबांनी तो उलटा लावला. खाली मुरूम होता, खोल गेला नाही, अर्धा आकडा वरच राहिला.

आईला त्यांनी सांगितलं की नदीवर नेलं, खूप लांब. नाहीतर ती तिथंच जाऊन बसली असती, ते म्हणाले. गँगमन कधीच वारला. चाळीसेक वर्षांत बाबांनी हे कोणापुढं काढलं नाही.

खरं सांगते, दुःखापेक्षा मला आधी भीतीच वाटली. आपलाच हात आपल्याला अनोळखी वाटावा तशी. तेवढ्यात बाबा पुन्हा स्क्रीनकडं आले आणि म्हणाले, हे काय चमकून राहिलं? दगडाच्या पुढ्यात, पाचोळ्यात, मी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला होता आणि त्याला खालून एक बारीक गोलसर कड. उन्हाची तिरीप पडावी असं काहीतरी. काय आहे ते मी ठरवलंही नव्हतं. चित्रात असे ठिपके आम्ही देतोच.

"हे नव्हतं," बाबा म्हणाले. "असं काही नव्हतं तिथं."

आम्ही दोघांनी त्या ठिपक्याचाच आधार घेतला. म्हणजे चित्र चुकलंय. म्हणजे योगायोग आहे. रेल्वेच्या जागेत चुना मारलेले दगड काय कमी असतात, मोहाची झाडं काय कमी असतात... मीच बोलत होते, ते मान हलवत होते. जाताना एवढंच म्हणाले, "तुह्या आईले नको दाखवू. तिले वाटते नदीवर नेलं." चप्पल घालून ते त्या उन्हात बाहेर निघून गेले.

मी स्क्रीन बंद करायला विसरले. डोकंच चालत नव्हतं. आई आत आली ती विचारतच, तुह्या बाबाले काय झालं, चहा न घेता कुठं गेले. मी काहीतरी उत्तर दिलं. तिचं लक्ष नव्हतं. ती चित्र बघत होती. मी माउस पकडला, पण आता बंद करणं म्हणजे सांगणंच झालं असतं.

तिनं बाबांसारखं काही विचारलं नाही. दगडांबद्दल नाही, झाडाबद्दल नाही. फक्त त्या ठिपक्याजवळ वाकली.

"ही वाटी आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, कोणती वाटी, आई, तो उजेड आहे.

"स्टीलची वाटी आहे. मी ठेवत होती."

ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि हळू आवाजात सांगत राहिली. जणू काय मला सगळं माहीतच आहे आणि ती फक्त राहिलेलं सांगतेय. त्या गँगमनच्या बायकोनंच तिला पंपावर पाणी भरताना सांगितलं होतं, नोनी, म्हणजे पोरगी, तिकडे आहे म्हणून. उठता यायला लागल्यावर बाबा ड्युटीवर गेले की आई रोज दुपारी वाटीत थोडं दूध घेऊन तिथं जायची. पुढं बदली झाली तेव्हा वाटी तिथंच ठेवून आली. सामान भरताना बाबा म्हणाले, एक वाटी कमी आहे. ती म्हणाली, पडली असंल कुठं. बाबा त्या मोहाकडं कधी चुकूनही गेले नव्हते, त्यामुळे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता.

मी विचारलं, बाबांना काहून नाही सांगितलं?

"त्यायले वाटलं असतं का मी हे सगळं मानते. मी काही मानत नव्हती शिलू. पोट्टी उपाशी असंल असं वाटे, बस."

 मग तिनं विचारलं, हे चित्र कशासाठी आहे. मी गेमचं सांगितलं, लोक मोबाइलवर, कॉम्प्युटरवर त्या जागेत फिरतील म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तिथं खेळतील लोक?"  जाताना तिनं दोन गोष्टी सांगितल्या. लोकांना द्यायच्या चित्रातून हे सगळं काढून टाक. आणि वाटी तर कुठंच नको ठेवू, तुह्या बाबानं पाहिली तर विचारतील.

म्हणजे बघा. जे बाबांना माहीत होतं ते आईला माहीत होतं, पण आईला माहीत आहे हे बाबांना माहीत नव्हतं. आणि वाटी तर फक्त आईची. दगड आणि वाटी एकत्र, असं त्या जागेचं अख्खं चित्र आईखेरीज जगात कोणाच्याच डोक्यात नव्हतं, आणि तिनं तोंड उघडलेलं नव्हतं. मग ते माझ्या स्क्रीनवर कसं आलं?

सौरभला मी काम चालू असतानाच एक कॉपी पाठवली होती. त्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला, भलताच खूश. "ये कोना तो पूरी कहानी बोल रहा है, दीदी. इसको हाथ मत लगाना." इतक्या वर्षांत असं कोणी माझ्या कामाबद्दल बोललं नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे दगड मला काढायचे आहेत. त्यानं कारण विचारलं.  दुसऱ्या कोणाच्या चित्राशी जुळतंय, उगाच अडचण नको, असं काहीतरी खोटं सांगितलं. मोहाखाली एक मोडका बाक ठेवून चित्र दिलं. त्यानं घेतलं, पण नाराज होऊन. पुढच्या जागांचं काम त्यानं दुसऱ्या कोणाला दिलं. मी विचारायला गेले नाही.

तुम्ही म्हणाल, लहानपणी कधीतरी कानावर पडलं असेल. मीही हेच धरून बसले होते. पण दोघंही शपथेवर सांगतात... म्हणजे मला एकेकटे सांगतात, एकमेकांना नाही... की घरात हा विषय कधी निघाला नाही. फोटो नाही, आणि त्या स्टेशनवर मी कधी गेलेले नाही. एकेक गोष्ट सुटी घेतली तर योगायोग म्हणून सोडून देता येते. दगड कुठेही असतात. दहा आकड्यांतला एक आकडा जुळू शकतो. ठिपका काय, ठिपकाच आहे. सगळं एकत्र ठेवलं की माझं डोकं बंद पडतं.

आणि एक सांगू का? तुमच्या अनुभवांत वस्तू आपोआप हलतात, आपोआप उमटतात. माझ्याकडं तसं झालं असतं तर बरं झालं असतं. कशाला तरी दोष देता आला असता. इथं प्रत्येक गोष्ट मी ठेवली आहे. कॉपी मी मारली, उलटा मी केला, पंपाजवळून उचलून मोहाखाली मी नेला. मला सगळं आठवतं. का केलं, तेवढंच आठवत नाही. तेव्हापासून कुठल्याही चित्रात कोपरा भरायची वेळ आली की हात थांबतो. नवीन कामात एका बाजारातलं दुकान करतेय, त्याच्या पायरीवर मी सहज एक लहान चप्पल ठेवली होती. काढून टाकली. कोणाची असेल, काय माहीत.

पावसाळा संपल्यावर बाबा एकटेच त्या स्टेशनला जाऊन आले. आईला सांगितलं की जुन्या एका साथीदाराला भेटायला जातोय. सकाळी गेले, संध्याकाळी परत. मला गच्चीवर नेऊन म्हणाले, दुसरी लाइन टाकलीय तिथं, क्वार्टर पाडलं, झाडं गेली, कुठं उभा आहे तेच समजत नव्हतं. एवढंच. आईनं त्यांना विचारलं, भेटले का साथीदार. ते म्हणाले, नाही भेटले. तिनं गरम पाणी दिलं पाय शेकायला. आईला ते कुठं गेले होते हे कळलं होतं का... मला वाटतं, कळलं होतं. पण ते माझं वाटणं झालं.

आईनं विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं की सगळं पुसलं. पुसलं नव्हतं. माझ्याजवळच्या फाइलमध्ये दगड तसेच आहेत. फक्त वाटीचा भाग वेगळा करून लपवून ठेवलाय. असा लपवलेला भाग फाइलमध्ये असतो, पण दिसत नाही.

मागच्या रविवारी आई बाजारात गेली होती. बाबा येऊन माझ्या मागं बसले. जरा वेळानं म्हणाले, शिलू, ते दाखव बरं एकदा. मी उघडलं. त्यांनी चष्मा लावला, जवळ आले, यावेळी स्क्रीनला हात लावला नाही. खूप वेळ बघत होते.

"ते चमकत होतं ते काढलं का?"

"हो."

"हव," ते म्हणाले. "आता बरोबर आहे. असंच होतं."

माझ्या हातात पेन होतं. एक टिचकी मारली असती तर वाटी परत आली असती, आणि मग त्यांना सगळं सांगावं लागलं असतं. मी पेन टेबलावर ठेवलं. चूक केली का, ते तुम्ही सांगा, मला कळत नाही.

बाबा अजून चित्राकडंच बघत होते. आयुष्यभर मला प्रत्येक गोष्टीचं कारण समजावून सांगणारा माणूस. त्यांनी मला विचारलं,

"पण तुले समजलं कसं?"

"नाही माहीत, बाबा."